काळ्या पाण्याचा राब

माझं लग्न एका विहिरीशी लागलं, असं मी आजही म्हणते आणि घरातल्यांना ते आवडत नाही. न आवडू दे. कोपरीला आमच्या घरातली माणसं मिठागरात राबणारी, आणि मिठागराच्या माणसाला जगात कशाचं अप्रूप असेल तर ते गोड्या पाण्याचं. माझा बा सकाळपासून खाऱ्या पाण्यात उभा असायचा. टाचांच्या भेगांत मीठ जायचं, आणि घरी आला की आई त्याला पाय धुवायलासुद्धा हात राखून पाणी द्यायची. त्यामुळे माझ्या लग्नाचं निघालं तेव्हा त्याने मुलगा पाहिला नाही की घर पाहिलं नाही. डोंबिवलीच्या खालच्या अंगाला, खाडीकाठच्या एका गावात, एका घराच्या शेतात गोडी विहीर आहे एवढं त्याच्या कानावर आलं आणि झालं, ठरलं. "पोरीला पान्यासाठी चालाला नाय लागनार," तो आईला म्हणाला. देशाला स्वातंत्र्य मिळून एकदोन वर्षं झालेली. मी चौथी पास झालेले, तोंडाने फटकळ, पण मला कोण विचारतंय!

विहीर मात्र खरंच गोडी होती, खोटं कशाला बोलू. त्या गावात खणाल तिथे मचूळ पाणी लागायचं. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. फक्त आमच्या खालच्या शेताच्या कोपऱ्यात, सासऱ्याच्या आजोबांनी नुसते दगड रचून बांधलेल्या विहिरीला गोडं पाणी. सगळं गाव तिथेच भरायचं. सासऱ्याला आम्ही मामा म्हणायचो. अबोल माणूस, पण विहिरीचा विषय काढला की बोलत सुटायचा, आणि लोकही त्याला मुद्दाम हरभऱ्याच्या झाडावर चढवायचे. रोज सकाळी पहिली बादली तो स्वतः काढायचा, ओंजळभर पाणी तोंडात घोळवायचा आणि मान डोलवायचा. "झाली याची पूजा," असं म्हणून सासू चूल पेटवायला जायची.

आणि गंमत बघा, ज्या पाण्यापायी बाने मला तिथे दिलं ते त्याने स्वतः कधी चाखलंच नव्हतं. आमच्यात मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी तोंडाला लावत नाही. मला काही मूल होईना. बा यायचा, ओट्यावर बसायचा, जावयाची विचारपूस करायचा आणि घशाला कोरड पडलेली असताना उन्हातून तसाच स्टेशनाकडे चालू लागायचा. मी वैतागायचे. "बा, घोटभर पी रे, कोन बघतंय!" तो हसायचा. "नात दे, मंग हंडाभर पितो." मी त्याच्यावर जाम चिडायचे, कारण ती थट्टा मला लागायची आणि ते त्याला कळत नव्हतं.

आता राबाचं सांगायला हवं. आमची भातशेती. पाऊस लागायच्या आधी रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, डहाळ्या, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि ते सगळं भाजायचं. याला राब म्हणतात. त्या राखेत भात पेरलं की रोप जोमाने येतं. पण राबाला पाला लागतो, आणि पाला यायचा डोंगरातून. फाळणीनंतर विठ्ठलवाडीपलीकडे निर्वासितांची छावणी बसली. घरदार टाकून आलेली माणसं ती, त्यांना चूल पेटवायला लाकूड नको? डोंगर उघडे पडत गेले. कुणाला दोष द्यायचा! आमच्या बायका पाल्याला जायच्या आणि अर्धा भारा घेऊन परत यायच्या. राब दरवर्षी लहान व्हायला लागला आणि रोप पिवळं पडायला लागलं.

त्याच सुमाराला कल्याणच्या बाजूला उसाच्या मळीपासून स्पिरिट काढणारा एक कारखाना सुरू झालेला. दारूबंदी नुकतीच आलेली. गावातला एखादा हातभट्टीवाला सापडला की त्याला पोलीस बदडून काढायचे, आणि तिकडे परवान्याने टाक्याच्या टाक्या भरत होत्या. ते औषधापाण्याला, कारखान्यांना लागतं म्हणे. लागत असेल, बाबा. पण स्पिरिट काढून झालं की खाली गरम, काळं पाणी उरायचं, आणि ते एवढं की टाकायचं कुठे हा प्रश्न. मग पाटलोणीतला एक साहेब गावात आला. ओट्यावर बसून म्हणाला, "खत आहे हे, अस्सल खत. उसातून निघालंय, जमिनीचं जमिनीला परत. चर आम्ही खणून देतो, तुम्ही फक्त शेतात घ्या." त्याने बाटलीतून आणलेलं पाणी मामाच्या तळहातावर ओतलं. मामाने हुंगलं आणि जिभेला लावलं. करपलेल्या गुळाचा वास सगळ्या ओटीभर पसरला.

"गुलाचा हाय," मामा म्हणाला. मग जरा थांबून, "राखेसारखा पन लागतंय."

राख म्हटल्यावर जमलेल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच आलं. भाजायला पाला नाही, तर हाच आपला राब! साहेबाला राब म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तो आपला सगळ्याला हो, हो म्हणत होता.

पहिल्या वर्षी काय सांगू, सोनं झालं. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर काळं पाणी सोडलं, ते सुकून त्याची पोळी धरली, पाऊस पडल्यावर त्यातून रोप आलं ते हिरवंगार, जवळजवळ काळंच. भात भरभरून आलं. सासूने देवीला खण-नारळ वाहिला. थोड्याने एवढं तर जास्तीने किती, हा माणसाचा साधा हिशेब. दुसऱ्या वर्षी नुसत्या रोपाला नाही, सगळ्या खाचरांना काळं पाणी पाजलं. आमच्यानंतर गावातल्या सगळ्यांनीच चराला तोंडं पाडून घेतली. भात माझ्या छातीपर्यंत वाढलं. मी त्यात खाली वाकले की दिसायचे नाही म्हणून नवरा बांधावरून हाका मारायचा आणि मी मुद्दाम ओ द्यायचे नाही. तेवढंच आमचं तरुणपण.

आणि मग भाद्रपदात ते सगळं आडवं झालं. वाऱ्याने नव्हे, स्वतःच्याच भाराने. नुसता पाला माजलेला. लोंब्या आल्या त्या पोकळ. सासूने सूप हातात घेतलं आणि पाखडता पाखडता रडायला लागली, कारण सुपात काही राहतच नव्हतं. भातामागून आम्ही वाल पेरायचो, तो उगवलाच नाही. जमीन डांबरासारखी चिकट, उन्हात तिच्यावर पांढुरकी बुरशीसारखी खार फुललेली. अनवाणी गेलं की पाय खाजून खाजून लाल व्हायचे. चरात साचलेलं पाणी नासलं आणि गुळाच्या वासाची घाण झाली. माश्या तर अशा की जेवताना एका हाताने ताट झाकायचं.

मामाने एक ढेकूळ उचललं, चाखलं आणि म्हणाला, "खारा झालाय." त्याच्या चेहऱ्यावर चक्क हायसं वाटल्यासारखं दिसलं मला. खार म्हणजे त्याच्या ओळखीचा शत्रू. खाडीकाठचं शेत हे समुद्राकडून हिसकावून घेतलेलं असतं. उधाणात खारबांध फुटला की भरतीचं पाणी शेतात घुसतं. मग आमची माणसं काय करतात, तर बांध बुजवतात, पावसाचं गोडं पाणी खाचरांत तुडुंब धरून ठेवतात, आणि खार त्यात विरघळली की ओहोटी बघून बांधातली उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, उघडतात. खार समुद्राची, समुद्राला परत. असं दोनतीनदा केलं की जमीन गोडी होते. हे मामाने बापाकडून घेतलेलं, बापाने आजोबांकडून. तेव्हा पुढच्या पावसाळ्यात अख्ख्या गावाने मिळून तेच केलं. बायकापुरुष सगळे बांधावर, गाणी काय, चेष्टा काय! मी पण चिखल थापला. आमच्या विहिरीभोवतीच्या खाचरांत तर कमरेएवढं पाणी धरलेलं, तळंच झालेलं.

ओहोटीला उघाडी उघडली आणि चहाच्या रंगाचं पाणी फेसाळत खाडीत गेलं. दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला बोय, कोळंबी, निवट्या पोटं वर करून पडलेल्या. बायका टोपल्या घेऊन धावल्या आणि वास घेऊन रिकाम्या टोपल्यांनी परत आल्या. एक म्हातारी तिथेच चिखलात बसून मोठमोठ्याने शिव्या द्यायला लागली. कुणाला देत होती कोण जाणे. तिचं सगळं घर त्या मासळीवर चालायचं.

मामा मात्र खुश होता, निघाली म्हणे खार. पण निघाली नव्हती. समुद्राचं मीठ वरच्या वर असतं, पाण्यासोबत येतं, पाण्यासोबत जातं. हे काळं वर्षभर मुरलेलं होतं, आणि वर कमरेएवढं पाणी धरल्यावर ते दाबाने खाली गेलं. खाली काय होतं? आमची विहीर, नुसते दगड रचलेली. नवरात्रात घटाला पाणी आणायला मी गेले आणि कळशीत पाहिलं तर पाण्याला पिवळसर झाक. मी कळशी हलवली, परत पाहिलं. मग सासूला हाक मारली. तिने पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

मामाने विहीर उपसली, चुन्याची पोती रिकामी केली. थोडे दिवस पाणी निवळायचं, परत तसंच. घरात दोन तट पडले. माझा नवरा म्हणायचा, चराचं तोंड आजच्या आज बुजवा, काळं पाणी बंद. मामा म्हणायचा, पाण्याचा दोष नाही, खार धुवायला एक पावसाळा पुरला नाही, अजून एकदा धरू. "आनि राब कसाचा करशील? तुझे डोक्याचा?" असं तो ओरडला तेव्हा नवरा ताटावरून उठून गेला. गावातले लोक मामाच्या तोंडाकडे बघत होते, कारण विहीर त्याची आणि जीभ त्याची. तो सकाळी पाणी तोंडात घोळवायचा आणि मान डोलवायचा, पण आता डोलवण्याआधी थांबायचा.

त्या पावसाळ्यात बांध घातला तेव्हाच मला दिवस राहिलेले होते. इतक्या वर्षांनी! हिवाळ्यात मुलगी झाली. बारशाला कोपरीहून आईला घेऊन बा आला, नवं धोतर नेसून, डोक्याला लाल टोपी. नातीला मांडीवर घेऊन असा काही बसला की विचारू नका. आता त्याला माझ्या घरचं पाणी प्यायला मोकळीक होती. गावातली जाणती माणसं ओटीवर बसलेली. मामाने स्वतः तांब्या भरून आणला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "व्याही, तुमची जीभ मिठागराची. आज मीठ धरेल का उद्या, ते तुम्ही थेंब चाखून सांगता. तुम्हीच सांगा. खारा बोललात तर उद्या चराचा तोंड मी माझे हातान बुजवतो. गोड बोललात तर कोनी मना शिकवाचा नाय."

मी माजघराच्या दारात उभी, अंगात ओलं बाळंतपण. मनात म्हटलं, बोल रे बा, एकदा खरं बोल आणि सुटू दे आम्हाला. बाने मुलीला माझ्या आईच्या हातात दिलं, तांब्या कपाळाला लावला आणि वरून धार धरून प्यायला लागला. थांबला नाही. गटगट, गटगट, सगळा तांब्या रिकामा केला. मिशा पुसल्या. मामाकडे बघितलं. मामा त्याच्याकडे असा बघत होता, जसं काही बाच्या ओठांवर त्याचा जीव टांगलेला होता.

"गोड हाय," बा म्हणाला.

ओटीवर एकच गलका झाला. मामाने बाला कडकडून मिठी मारली. मला माझ्या कानांवर विश्वास बसेना, पण क्षणभर, खरं सांगते, मलाही आनंद झाला. वाटलं, आपलीच जीभ बिघडली असेल बाळंतपणात.

निघताना बा मला गोठ्याच्या आडोशाला घेऊन गेला. "पोरीला तो पानी देव नको. तू पन पिऊ नको, दूध पाजतेस. स्टेशनाकडून नळाचा आनायला सांग."

"मंग मगाशी काय बोललास?"

"काय बोलू? आयुष्यात पयला घोट घेतला तुझे घरचा. नातीचा बारसा. चार मानसांत व्याह्याच्या पान्याला नावं ठेवू?"

"कसा होता पानी? खरं सांग."

तो खाली बघायला लागला. "मिठाचा पानी परत जातंय गो. हा नाय जायचा."

त्या वेळी मला एवढा संताप आला की मी बाला हात धरून परत ओटीवर ओढत न्यायला निघाले होते. त्याने हात सोडवून घेतला आणि चालू लागला. माझ्या बापाची माणुसकी, त्याची रीतभात, आग लागो तिला! आजही आठवलं की डोकं तडकतं. प्रेमापोटी केली म्हणून चूक काय लहान होते?

मी संध्याकाळीच घरात सांगितलं. नवऱ्याला पटलं. मामाला नाही. तो शांतपणे म्हणाला, "तुझा बापूस माझे तोंडावर, देवासमोर, गोड बोलला. त्याला खोटारडा ठरवतेस? तुझी तू बघ." बापाला खोटं पाडलं तर बाप जातो, नाही पाडलं तर पाणी जातं. सासूने माझ्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून, भात बुडाल्यापासून मजुरीला जाणारा नवरा कामावरून येताना स्टेशनाजवळच्या नळाची एक कळशी मुलीसाठी आणायला लागला. मामाने ती पाहिली, आणि न पाहिल्यासारखं केलं.

उन्हाळ्यात काळं पाणी परत घेतलं. पावसात परत तुडुंब धरलं, गेल्या वर्षीपेक्षा जास्त. आणि त्या दिवाळीला विहीर संपली. पाणी भरपूर, काठोकाठ, पण रंग चिंचेच्या कोळासारखा. म्हशीपुढे बादली ठेवली तर तिने तोंड फिरवलं. मग गावाने चराचं तोंड बुजवलं. त्यासाठी आता कुणाच्या जिभेची गरज उरली नव्हती. कारखान्याने तो चर तसाच पुढे खणत नेऊन सरळ खाडीत सोडला, आणि साहेब पुन्हा दिसला नाही. गावातल्या सगळ्या बायका डोक्यावर हंडे घेऊन स्टेशनाच्या वाटेला लागल्या, त्यांत मीही, काखेत मुलगी. ज्या चालण्यातून बाने मला वाचवलं होतं तेच चालणं आता रोज. सासू त्याच वाटेवर एकदा पडली आणि तिचा खुबा मोडला तो कायमचा. त्यानंतर ती ओट्यावरून हलली नाही.

बाला मी नंतर कधी जाब विचारला नाही. तो येत राहिला, मामा त्याला मान देत राहिला. दोघं ओटीवर बसून पावसापाण्याचं, भरतीओहोटीचं बोलायचे, विहीर सोडून सगळ्याचं.

पुढच्या आषाढात गावाने पाणी धरायचं सोडून दिलं होतं. काही जण मिठागरावर, काही गिरणीत लागले. एकटा मामा भर पावसात विहिरीशेजारच्या खाचराचा बांध घालत होता. मी भाकरी घेऊन गेले. डोक्यावर इरलं, हातात फावडं, पायांवर खाजवून झालेल्या जखमा, आणि थापलेला चिखल पाण्याने परत परत वाहून जात होता. मला ते बघवेना. म्हटलं, आज काय व्हायचं ते होऊ दे. मी त्याला गोठ्याआड बा जे बोलला होता ते अक्षरन्‌अक्षर परत सांगितलं.

त्याने फावडं थांबवलं नाही. "मना ठाव हाय," तो म्हणाला.

"काय ठाव हाय?"

"त्याच तांब्यातला मी पन प्यायलो होतो, आनायच्या आधी. कडू होता. रोजच कडू होता." त्याने चिखलाचा गोळा बांधावर टाकला. "कोनीतरी गोड बोलाला पायजे होता गो. माझे आजोबाची विहीर. मी मारली असा माझे तोंडान कसा बोलू?"

मी भिजत उभी राहिले. रडू येत होतं की राग येत होता, काही कळत नव्हतं. एवढे सगळे दिवस, आमची सगळी माणसं, माझी सासू, तिचा खुबा, आणि याला माहीत होतं. मी ओरडले, "मंग आता कसाला पानी धरता? कोनासाठी धरता?"

तेव्हा तो थांबला. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं. माझ्याकडे बघितलं ते एखाद्या लहान पोरासारखं, खरंच उत्तर हवं असल्यासारखं.

"मना दुसरा काय येतंय?" तो म्हणाला, आणि परत चिखल थापायला लागला.